दहावी झालेल्या मुलाला मे महिन्यात नेपाळच्या ट्रेक आणि सेवा शिबिराला पाठवावं का?

(प्रश्न थोडक्यात असा: मुलगा 16 वर्षांचा आहे. एक संस्था 14 दिवसांसाठी नेपाळला नेते, आधी ट्रेक आणि मग एका गावात सेवाकार्य. आम्ही परभणीचे, घरातलं कुणी देशाबाहेर गेलेलं नाही. पाठवावं का?)

पाठवा. पण पैसे भरायच्या आधी संस्थेला एक फोन करा. ट्रेकचं तर विचाराच, त्याहून जास्त त्या गावाचं विचारा.

आम्ही लातूरचे. माझी मुलगीही दहावीनंतर अशाच एका शिबिराला गेली होती. लातुरात दहावीनंतरचा मे म्हणजे नीटच्या क्लासची सुरुवात. त्यात पोरीला डोंगर चढायला पाठवतोय म्हटल्यावर नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं. बुडालेले दोन आठवडे तिनं जूनमध्ये भरून काढले, विषय संपला.

आता गावाचं का विचारायचं, ते सांगते. माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ला मी सातवीत होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आमच्या गावात किल्लारीइतकी माणसं गेली नाहीत, पण घरं बसली. पुढं कित्येक महिने गाड्या भरभरून लोक येत राहिले. काहींचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. ढिगारे उपसणारे जवान, डॉक्टर, चूल पेटवून शेकडो माणसांना जेवू घालणारी माणसं. पण नुसतं येऊन जाणारेही पुष्कळ होते. जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, त्यात टायसुद्धा निघाले. आम्हा लेकरांना पत्र्याच्या शेडसमोर रांगेत बसवून गाणी शिकवायचे. प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला प्रश्न तोच, "बाळ, तुझ्या घरातलं कोण गेलं?" माझी चुलती गेली होती. ते मी वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. शेवटी शेवटी मी "कुणी नाही" म्हणायला लागले. मग ते लोक शेजारच्या पोरीकडं वळायचे.

म्हणून मुलीचा फॉर्म भरताना मी संस्थेच्या ताईंना सरळ विचारलं, हे काम गावानं मागितलंय का? आमची पोरं गेली नसती तर ते कुणी केलं असतं? मागच्या वर्षी तिथंच काय केलं? ताई जरा गडबडल्या, पण चिडल्या नाहीत. दोन दिवसांनी गावातल्या शाळेच्या सरांशी बोलून त्यांनी उत्तर दिलं, म्हणून आम्ही हो म्हणालो. तुम्हाला गोलगोल उत्तर मिळालं तर दुसरी संस्था बघा. आणि कार्यक्रमात अनाथाश्रमातल्या मुलांना भेटणं असेल तर मी तिथंच नाही म्हणेन. नेपाळमधल्या अशा आश्रमांतली बरीच मुलं अनाथ नसतात. आईबाप असलेली लेकरं खेड्यांतून आणून ठेवलेली असतात, आणि पाहुणे येत राहतात तोवर हा धंदा चालतो.

एवढं विचारूनही सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलीच्या गटाला पहिले दोन दिवस शाळेची भिंत रंगवायला दिली. जुना रंग खरवडताना पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पिवळा. दरवर्षीच्या पोरांनी तीच भिंत रंगवलेली. घरी आल्यावर तिनं हे हसत हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

नंतरचे तीन दिवस मात्र कामाचे गेले. पाण्याच्या टाकीकडं जाणारी पायवाट पावसानं खचली होती आणि गावकरी ती दगड रचून नीट करत होते. गवंडी गावचा, हिशेब गावचा, आमची पोरं नुसती दगड वाहायला. तिकडं ओझं डोक्यावर नाही, 'डोको' नावाच्या टोपलीतून पाठीवर नेतात, आणि तिचा पट्टा, 'नाम्लो', कपाळावर घेतात. पोरीला अर्धी टोपली झेपेना, आणि साठीची एक आजी भरलेली टोपली घेऊन तिच्या पुढं निघून गेली.

त्या गावात एक गोष्ट अशी घडली की तेवढ्यासाठीच पैसे वसूल झाले असं मला वाटतं. गाव गोरखा जिल्ह्यातलं. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात होतं. त्यात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. गवंड्यानं पोरांना एक पडकं घर दाखवलं, दगड आणि माती, मध्ये बांधून धरणारं काही नाही. पोरगी म्हणाली, "हे तर आमच्या आबांच्या वाड्यासारखं." आमच्याकडची जुनी घरं तशीच होती, जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधलेलं ते माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. नेपाळचा भूकंप शनिवारी दुपारी 11 वाजून 56 मिनिटांनी झाला. शनिवारी तिकडं शाळांना सुट्टी असते आणि शेतकरी त्या वेळी रानात असतात, म्हणून पुष्कळ लेकरं वाचली. गवंड्यानं नव्या घराच्या भिंतीतले आडवे पट्टे दाखवले. खिडकीच्या खाली एक, वर एक, भिंत एकत्र बांधून ठेवणारे. पोरीनं तिथूनच फोन करून आबांना विचारलं, आपल्या नव्या घरात असे पट्टे आहेत का? माझे सासरे तीस वर्षांत भूकंपाबद्दल फारसं बोलले नव्हते. त्या दिवशी अर्धा तास बोलले.

ट्रेकचं आता. त्यांचा मार्ग घोरेपाणी ते पून हिल, उंची 3,210 मीटर. नवख्या पोरांना हे पुरे, त्याहून वर नेणार असतील तर दिवस वाढवून घ्या. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखणं, मळमळणं, तोल जाणं हे पोरानं लपवायचं नाही, हे त्याला घरूनच ठासून सांगा. सोळाव्या वर्षी मित्रांसमोर लाज वाटते, त्यात धोका आहे. विम्यात हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च आहे का आणि तो किती उंचीपर्यंत, हे कागदावर बघा. मुलीची आई असाल तर मुक्कामाच्या ठिकाणच्या संडासाचंही विचारा. मी विचारलं होतं, कुणाला नवल वाटलं नाही. उल्लेरीच्या हजारो दगडी पायऱ्यांनी तिचे गुडघे बोलले, आणि पून हिलवर पहाटे ढगच होते, धवलगिरी अर्धाच दिसला. मे महिन्यात असं होतं. पण जून-जुलैची बॅच घेऊ नका. जूनच्या मध्यापासून तिकडं पाऊस, दरडी आणि जळवा.

कागदपत्रांत गफलत होते ती इथं. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून लोक आधार घेऊन विमानतळावर जातात आणि परत फिरतात. 15 ते 65 वयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 15 ते 18 च्या मुलांना ठरावीक नमुन्यातलं मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्रही चालतं, पण मी म्हणेन पासपोर्टच काढा, पुढं उपयोगी पडेल. त्यासाठी दोघाही पालकांची संमती लागते. पैशाचा हिशेब सोपा आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160. घड्याळ 15 मिनिटं पुढं. आणि पाट्या देवनागरीत, त्यामुळं पोरं पहिल्याच दिवशी शेर होतात.

खाण्यात दोन्ही वेळा दाळभात. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत पुरते.

बूट मात्र आत्ताच घ्या आणि महिनाभर रोज घालून फिरायला लावा. उतरताना अंगठा पुढं आदळतो, म्हणून पुढं बोटभर जागा हवी. परभणीत चढ मिळणार नाही, तर एका रविवारी देवगिरीचा किल्ला पाठीवर पाच किलो घेऊन चढवा. आमची पोरगी नवेकोरे बूट घालून गेली होती. परतली तेव्हा दोन नखं काळी होती.