क्लिकचे पैसे कोण मोजतं?

(छोट्या व्यावसायिकांनी पाठवलेले जाहिरात आणि धंद्याविषयीचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरं)

ताई, दापोलीजवळ आमचं पाच खोल्यांचं होमस्टे आहे. एका एजन्सीमार्फत गुगलवर महिन्याला २५,००० रुपयांची जाहिरात चालते. एका रुपयामागे नऊ रुपयांचं बुकिंग झालं, असं रिपोर्टमध्ये दर महिन्याला येतं. पासबुकात मात्र गेल्या वर्षीपेक्षा काही फरक दिसत नाही. रिपोर्ट खोटा आहे का?
— एक वाचक, दापोली

आकडे बहुधा खरेच असतील. बुकिंग करण्याआधी त्या माणसाने तुमच्या जाहिरातीवर बोट ठेवलं, एवढंच ते सांगतात. जाहिरात नसती तरी तो आला असता का, हे त्या रिपोर्टमध्ये कुठेच नसतं, आणि तुम्हाला हवंय ते नेमकं तेच.

आजच्या आज एजन्सीकडून ‘सर्च टर्म्स’चा रिपोर्ट मागा. लोकांनी काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली, त्याची ती यादी असते. त्यात तुमच्या होमस्टेचं नावच वरच्या ओळींत दिसलं, तर नऊ रुपयांचं कोडं तिथेच सुटतं. जो माणूस तुमचं नाव टाइप करतोय, त्याला तुम्ही आधीच माहीत आहात. मागच्या मे महिन्यात राहून गेलेल्या कुटुंबाने त्याला सांगितलं असेल. तो तुमच्याच दारात उभा आहे आणि त्याला आत घेण्यासाठी तुम्ही क्लिकचे पैसे भरताय.

ईबे या अमेरिकन ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने हे फार मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलं होतं. मार्च २०१२ मध्ये त्यांनी याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद केल्या. जाहिरातीतून येणारे जवळजवळ सगळे लोक, म्हणजे ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या लिंकवरून तसेच येत राहिले. मग त्यांनी गुगलवर बाकीच्या शब्दांसाठीही अमेरिकेच्या काही भागांत जाहिरात बंद केली, काही भागांत चालू ठेवली आणि विक्री ताडून पाहिली. ईबेला जे ओळखतच नव्हते किंवा क्वचित खरेदी करत होते, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम दिसला. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर दिसला नाही. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला.

तुम्हालाही हे करता येईल, त्यासाठी अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. गर्दीचा हंगाम सोडून एखादा महिना निवडा. कोल्हापूर-सांगलीसाठी जाहिरात बंद ठेवा, पुण्यासाठी चालू ठेवा. फोन उचलणाऱ्या प्रत्येकाने ‘कुठून बोलताय, आमच्याबद्दल कसं कळलं?’ एवढं विचारून वहीत लिहायचं. महिन्याने वही आणि रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. हे करताना एक सेटिंग तपासा. गुगलवर एखादा भाग निवडला की त्या भागात ‘असलेले’ आणि त्या भागात ‘रस असलेले’ असे दोन्ही लोक आपोआप धरले जातात. ते बदलून फक्त तिथे असलेले लोक ठेवा, नाहीतर तुमची चाचणी फसेल. सर्च पार्टनर (गुगलशी जोडलेल्या इतर शोध-साइट) आणि डिस्प्ले नेटवर्क (इतर साइट-अॅपवर दिसणाऱ्या जाहिराती) यांच्या खुणाही तशाच आधीपासून केलेल्या असतात. त्या काढा.

एक अडचण मात्र खरी आहे. तुमचं नाव शोधल्यावर सगळ्यात वर एखाद्या बुकिंग साइटची जाहिरात येत असेल, तर तिथून आलेल्या पाहुण्यामागे तुम्हाला कमिशन द्यावं लागतं. अशा वेळी स्वतःच्या नावावर थोडे पैसे ठेवणं पटण्यासारखं आहे. पण ही लाचारी आहे. तिला यश समजून रिपोर्टमध्ये मिरवू देऊ नका. कोर्टाचा रस्ताही फार उपयोगाचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, अगरवाल पॅकर्स या सामान-वाहतूक कंपनीच्या प्रकरणात, दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड (जो शोधल्यावर जाहिरात दिसते तो शब्द) म्हणून विकणं हा कायद्याच्या अर्थाने त्या ट्रेडमार्कचा वापरच आहे आणि गुगलचा त्यात सक्रिय सहभाग आहे, असं स्पष्ट सांगितलं. मात्र तेवढ्याने ट्रेडमार्कचं उल्लंघन होत नाही; गिऱ्हाइकाची दिशाभूल होत असेल किंवा त्या नावाचा गैरफायदा घेतला जात असेल, तर होतं. मेकमायट्रिप या प्रवास-बुकिंग कंपनीने बुकिंग डॉट कॉमच्या विरोधात केलेली तशीच तक्रारही त्याच वर्षी त्याच न्यायालयात टिकली नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही, त्यासाठी पाच खोल्यांच्या मालकाने वकिलाची फी भरू नये.

आणि जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर असू द्या. एजन्सीला त्यात फक्त प्रवेश द्या. खातं आमचंच राहील असं म्हणणारी एजन्सी सोडा.

आम्ही नाशिकहून बेदाणे आणि सुका मेवा ऑनलाइन विकतो. तीन वर्षांपूर्वी एका क्लिकला जेवढे पैसे लागायचे, त्याच्या दुप्पट आज लागतात. माल तोच, जाहिरात तीच. आमचं काय चुकतंय?
— एक वाचक, नाशिक

तुमचं काही चुकत नाहीये. क्लिकला ठरलेला भाव नसतो. प्रत्येक शोधामागे क्षणभरात लिलाव होतो आणि तुमचा भाव ठरतो तो तुमच्याबरोबर बोली लावणाऱ्यांवर. आता त्या बोलीत कोण बसलंय ते बघा. गुंतवणूकदारांचे कोट्यवधी रुपये घेऊन सुक्या मेव्यात उतरलेल्या कंपन्या आहेत. एका गिऱ्हाइकामागे तोटा झाला तरी त्यांना चालतो, कारण गुंतवणूक उभारण्याच्या पुढच्या फेरीत त्यांना गिऱ्हाइकांची संख्या दाखवायची असते, नफा नाही. स्वतःच्या गल्ल्यातून पैसे काढणारा आणि दुसऱ्याचे पैसे उधळणारा एकाच लिलावात उभे राहिले, की पहिल्याने किती हुशारी केली तरी भाव दुसराच ठरवतो.

आणि लिलाव करणाराही अलिप्त नसतो. अमेरिकन सरकारने गुगलवर भरलेल्या खटल्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, गुगलच्या जाहिरात विभागाचे अधिकारी जेरी डिशलर यांनी शपथेवर सांगितलं, की लिलावात बदल करून जाहिरातींचे दर आम्ही ५ टक्क्यांपर्यंत वाढवतो, काही वेळा त्याहून जास्त, आणि जाहिरातदारांना ते सहसा सांगत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं, म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली होती. दुसरं दुकानच नसलं की दुकानदार भाव वाढवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘बेदाणे ऑनलाइन’ अशा उघड्या शब्दांवर लढू नका. तिथे तुम्ही हराल. तुमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत का? दिवाळीच्या दोन आठवडे आधी त्यांना फोन करा, व्हॉट्सअॅपवर नव्या मालाचा फोटो पाठवा. यंदाचा माल कोणत्या गावच्या बागेतला आहे ते सांगा. मोठ्या कंपनीला ते सांगताच येत नाही, कारण तिच्या गोदामात सगळ्यांचा माल एकत्र झालेला असतो.

येवल्यात आमचा पैठणीचा हातमाग आहे. मुलीने इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट केल्या, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवल्या. हजारो लाइक आले, साडी एकही विकली गेली नाही. हे लाइक विकत आणलेले असतात का?
— एक वाचक, येवला

लाइक खऱ्या माणसांचेच असतील. पण यंत्राकडे जे मागावं तेच ते आणून देतं. बूस्ट करताना ‘एंगेजमेंट’ (लाइक, कमेंट वगैरे) निवडलं, की ते तुमच्या पैशांतून सतत लाइक करत बसणारी माणसं शोधतं, कारण ती स्वस्तात मिळतात. पंधरा-वीस हजारांची साडी घेणारी बाई बहुतेक वेळा लाइक करतच नाही. ती फोटो मोठा करून पदराची वीण बघते, नणंदेला पाठवते आणि दोन दिवसांनी ‘हातमागाची आहे ना?’ असा एक मेसेज टाकते. म्हणून जाहिरातीचं उद्दिष्ट मेसेज ठेवा आणि किती मेसेज आले, त्यातल्या किती साड्या झाल्या, एवढेच दोन आकडे लिहा. बाकीच्या आकड्यांकडे बघूही नका.

हे मी इतकं ठामपणे सांगते, त्याला कारण आहे. मी बरीच वर्षं पुण्यात वर्तमानपत्रांच्या जाहिराती बुक केल्या. तिथे पेपरचा खप किती, हे पेपरवाल्याच्या तोंडून ऐकून आम्ही दर मान्य करत नव्हतो. १९४८ पासून ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही वेगळी संस्था तो तपासत आलीय. तुमच्या बाजारातल्या वाण्याच्या काट्यालाही वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. इथे मात्र माल विकणारा, तोलणारा आणि पावती लिहिणारा एकच. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकला कबूल करावं लागलं, की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात हा आकडा आपण दोन वर्षं फुगवून दाखवला. तीन सेकंदांच्या आत पुढे गेलेले लोक त्यांनी हिशेबातूनच वगळले होते. जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान त्या आकड्यावर विसंबून व्हिडिओत पैसे घालणाऱ्यांचं जे नुकसान झालं, त्याची भरपाई येवल्यापर्यंत पोचलेली नाही.

मुलीला सांगा, मागावर बसलेल्या हातांचा व्हिडिओ टाक. नुसत्या साडीच्या फोटोत हातमागाची आणि पॉवरलूमची साडी सारखीच दिसते.

ताई, मी २३ वर्षांचा आहे, पुण्यात एका डिजिटल एजन्सीत काम करतो. ग्राहकाच्या स्वतःच्या नावावर आलेले क्लिक ‘आम्ही आणलेली विक्री’ म्हणून रिपोर्टमध्ये दाखवायला साहेब सांगतात. मला झोप लागत नाही. हा धंदाच असा आहे का? नोकरी सोडू का?
— एक वाचक, पुणे

झोप लागत नाही ही चांगली गोष्ट आहे, पण उद्या सकाळी राजीनामा देऊ नकोस. घरी पैसे पाठवतोस का, कर्ज आहे का, हे मला माहीत नाही.

धंदा मुळात वाईट नाही. चिपळूणचा एखादा गवंडी किंवा सोलापूरचा चादरवाला पूर्वी पेपरात पाव पान जाहिरात देऊच शकत नव्हता. आज ५०० रुपयांत तो नेमक्या गावातल्या, नेमकं तेच शोधणाऱ्या माणसापर्यंत पोचतो. ही सोय खरी आहे आणि मी ती कधीच नाकारणार नाही. पण ज्याचं पोट जाहिरातीवर आहे, त्याच्या नजरेवर तिचा ताण येतोच. गुगलच्या संस्थापकांना हे आधीच कळलं होतं. ब्रिन आणि पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये लिहिलेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या परिशिष्टात म्हटलंय, की जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि वापरणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. दोन वर्षांनी त्यांनी अॅडवर्ड्स ही जाहिराती विकण्याची सेवा सुरू केली. २०२३ मध्ये गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटच्या ३०७ अब्ज डॉलरच्या महसुलातला तीन चतुर्थांशांहून जास्त भाग जाहिरातीचा होता.

तुझा साहेबही त्याच ताणाखाली आहे. खर्चाच्या टक्केवारीवर एजन्सीची फी असेल, तर खर्च कमी करा असं ग्राहकाला सांगणं म्हणजे स्वतःचा पगार कापणं. म्हणून साहेबांशी भांडताना नीतीपासून सुरुवात करू नकोस, फीपासून कर. ठरावीक मासिक फीवर काम करूया, असं सुचव. रिपोर्टमध्ये नावावरचे क्लिक आणि नवे क्लिक असे दोन वेगळे रकाने कर, कुणाला न विचारता. साहेबांनी ते एकत्र करायला लावले, तर कारण लेखी माग. लेखी देणार नाहीत. तेव्हा दुसरीकडे नोकरी शोधायला लाग, आणि मिळाल्यावर सोड.

आमची मराठीत शेतीविषयक माहिती देणारी साइट आहे. वाचक भरपूर, पण गुगलच्या जाहिरातींतून मिळतं ते सर्व्हरच्या भाड्यालाही पुरत नाही. मराठीचा दोष आहे का?
— एक वाचक, बारामती

भाषेचा दोष नाही. तुमच्या पानावर बोली लावणारे कमी आहेत, एवढंच. अॅडसेन्स या, साइटवर जाहिराती लावणाऱ्या गुगलच्या सेवेत जाहिरातदाराच्या पैशांतला साधारण ६८ टक्के वाटा साइटच्या मालकाला मिळतो, पण जाहिरातदाराने मुळातच काही पैसे लावले तर त्याचे ६८ टक्के. मुंबईत बसून माध्यमांचे बजेट ठरवणारी माणसं मराठी शेतकऱ्याला गिऱ्हाईक धरतच नाहीत. तोच शेतकरी ठिबक संच, ट्रॅक्टर, बियाणं, विमा घेतो, लाखांत घेतो. हे गिऱ्हाईक त्यांच्या नजरेतून सुटलंय आणि मला त्याचा राग येतो.

साइटवरच्या जाहिरातींचा बाजारही मोकळा नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश लिओनी ब्रिन्केमा यांनी निकाल दिला, की साइटवाल्यांसाठी जाहिरात विकणारी यंत्रणा आणि जाहिरातींचा बाजार या दोन्हींत गुगलने बेकायदा मक्तेदारी केली. त्या बाजारात गुगल २० टक्के कापून घेत होतं. त्या निकालाने बारामतीत उद्या काही बदलणार नाही.

म्हणून मधल्याला वगळा. तुमच्या तालुक्यातल्या ठिबकच्या डीलरकडे, रोपवाटिकेकडे स्वतः जा. ‘डाळिंबावरच्या लेखांखाली वर्षभर तुमचंच नाव’ असा ठोक दर सांगा. आणि किती वाचक येतात याचा आकडा तुम्ही स्वतः तोंडाने सांगू नका. साइटच्या आकडेवारीत त्यांनाच प्रवेश द्या, म्हणजे ते हवं तेव्हा उघडून बघतील.

गुगल-फेसबुकच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळतो का?
— एक वाचक, इचलकरंजी

नियमित नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी तुमच्या देण्यातून वजा होतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर नाही. जाहिरात खात्याच्या बिलिंगमध्ये तुमचा जीएसटी क्रमांक भरलेला हवा, तरच ते बिल तुमच्या जीएसटीआर-२बी (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणपत्रा) मध्ये दिसेल. अनेकांनी तो भरलेलाच नसतो आणि दर महिन्याला पैसे सोडून दिले जातात. परदेशी कंपनीला दिलेल्या ऑनलाइन जाहिरातीच्या पैशांवर २०१६ पासून लागणारी ६ टक्के समतुल्यता आकारणी १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली आहे. कोणी ती अजून बिलात जोडत असेल, तर ती काढायला लावा.