कॉन्स्टला ‘स्थिरांक’ म्हणावे का?

पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात सी ही संगणकभाषा शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, मराठी टिपणांत ‘कॉन्स्ट’ हा शब्द लावून घोषित केलेल्या इंटला (पूर्ण संख्या ठेवणाऱ्या चलाला) ‘स्थिरांक’ म्हणावे का, ॲरेसाठी (एकाच प्रकारच्या किमतींच्या क्रमवार मांडणीसाठी) ‘सारणी’ चालेल का आणि इंट व फ्लोट (दशांशचिन्ह असलेल्या संख्यांचा प्रकार) यांना काय म्हणावे. पहिल्या दोन प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यांतील पहिल्याची कारणे सविस्तर देणे आवश्यक आहे.

‘स्थिरांक’ हा शब्द विद्यार्थ्यांना शालेय विज्ञानातील ‘वैश्विक गुरुत्व स्थिरांक’ या संज्ञेमुळे परिचित असतो. सी भाषेत ४० किंवा ३.१४ अशा थेट लिहिलेल्या संख्यांना तो अचूक लागू पडतो. एकेरी अवतरणचिन्हांत लिहिलेल्या अक्षरालाही तो लावण्यास हरकत नाही, कारण सी भाषेत अशा अक्षराचा प्रकार इंटच असतो आणि अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतानुसार मोठ्या लिपीतील ‘ए’ची किंमत ६५ ही संख्याच असते.

कॉन्स्टचे तसे नाही. १९८९च्या अमेरिकी मानकाने सीमध्ये आणलेला हा शब्द एवढेच सांगतो की, या नावाने स्मृतीतील त्या जागेची किंमत बदलायची नाही. ती किंमत कंपायलरला (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला) आधी ठाऊक असलीच पाहिजे असे बंधन नाही. प्रोग्रॅम चालू असताना वापरकर्त्याने दिलेला आकडाही फंक्शनमधील (प्रोग्रॅमच्या नाव दिलेल्या भागातील) कॉन्स्ट इंटमध्ये ठेवता येतो. समजा, सर्व फंक्शनांच्या बाहेर ‘पट’ नावाचा कॉन्स्ट इंट घेऊन त्याला ४० ही किंमत दिली आणि पुढच्याच ओळीत ‘पट’ एवढ्या लांबीचा ‘गुण’ हा ॲरे घोषित केला, तर सीच्या नियमांनुसार ती चूक ठरते. हाच मजकूर मेन या मुख्य फंक्शनच्या आत लिहिल्यास सी-९९ मानकानुसार चालतो, परंतु तो बदलत्या लांबीचा ॲरे होतो आणि महिरपी कंसात गुणांची यादी देऊन तो घोषणेतच भरता येत नाही. ‘पट’ हे नाव डिफाइन किंवा एनम या सीमधील नाव देण्याच्या दुसऱ्या सोयींनी दिले, तर या अडचणी उरत नाहीत. ज्या विद्यार्थ्याला ‘कॉन्स्ट म्हणजे स्थिरांक’ असे पढवले आहे, त्याला येथे स्थिरांक देऊनही कंपायलर स्थिरांकच का मागतो हे कधीच उमगणार नाही. सी प्लस प्लसमध्ये असा ‘पट’ चालतो, त्यामुळे दोन्ही भाषा शिकणाऱ्यांचा गोंधळ अधिकच वाढतो.

म्हणून कॉन्स्ट लावलेल्या नावाला मी ‘वाचनमात्र चल’ म्हणेन. ‘स्थिर चल’ टाळावे, कारण ‘स्टॅटिक’ या सीमधील दुसऱ्या शब्दासाठीही ‘स्थिर’ हाच शब्द सहज सुचतो आणि सीमध्ये ‘स्टॅटिक’चा अर्थ वेगळा आहे.

ॲरेला वर्गात ॲरेच म्हणावे. मराठी शब्द हवाच असेल तर ‘सरणी’ घ्यावा. ‘सारणी’ हा शब्द संख्याशास्त्रातील ‘वारंवारता सारणी’मुळे ओळी आणि स्तंभ असलेल्या तक्त्यासाठी रूढ झालेला आहे. चाळीस घटकांच्या सरणीतील क्रमांक ० ते ३९ असल्याने ‘पहिला घटक’ म्हणण्याऐवजी ‘शून्य क्रमांकाचा घटक’ म्हणणे निर्धोक.

इंटसाठी ‘पूर्णांक’ योग्यच आहे, मात्र गणितातील पूर्णांकांना सीमा नसते आणि इंटला ती असते, हे सोबत सांगितलेच पाहिजे. अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या टर्बो सी या कंपायलरमध्ये इंट १६ बिटांचा असल्याने त्यात ३२७६७च्या पुढची संख्या मावत नाही. सदाशिव पेठेचा ४११०३० हा पिनकोड त्यात ठेवून छापला, तर १७८१४ असे उत्तर येते. फ्लोटला ‘वास्तव संख्या’ म्हणू नये, कारण ०.१ एवढी साधी संख्याही द्विमान पद्धतीत त्यात नेमकी साठवता येत नाही. ‘दशांशचिन्हाची संख्या’ हे साधे वर्णन टिपणांसाठी पुरेसे आहे.