डोस चुकला, कार्ड पलीकडचं

प्रश्न : माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर कर्नाटकात, जांबोटीकडं. बाळंतपण माहेरी झालं. जन्माची, दीड आणि अडीच महिन्यांची लस तिथंच टोचली. साडेतीन महिन्यांची पावसापायी राहिली. लेक आता सहा महिन्यांची आहे. कार्ड महाराष्ट्राचं. इथं ते चालेल, की पहिल्यापासून टोचायचं? दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते.
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : लेकी, पहिल्यापासून काही नाही. टोचलेलं वाया जात नाही. मागच्या डोसाला तीन महिन्यांवर झाले, एवढं अंतर पुरे. पेंटाव्हॅलेंटचा (पाच रोगांवरची एकच लस) तिसरा डोस, पोलिओचे आणि रोटाचे (जुलाबावरचे) थेंब, पोलिओचं दंडातलं इंजेक्शन, न्यूमोनियाची लस, हे राहिलेलं सगळं एकाच दिवशी देता येतं. साध्या सर्दीसाठी थांबू नकोस. मग नऊ महिने भरले की गोवर-रुबेला.

कार्ड चालतं. हे डोस सीमेच्या अलीकडं-पलीकडं तेच आहेत. इथल्या कार्डाला आपल्या बायका 'ताई कार्ड' म्हणतात. कन्नडात तायी म्हणजे आई. त्यावर जुन्या तारखा उतरवून घे, पण माहेरचं कार्ड टाकू नकोस.

आता मजुरीचं. चूक तुझी नाही. मी याच तालुक्यात उपकेंद्रावर सिस्टर होते. एका भातलावणीत आमच्या अंगणवाडीत अकराला कोणीच येईना, बाया चिखलात. मग आशाताईला घेऊन, लशीच्या डब्यात बर्फाची चार पाकिटं भरून, सकाळी सातला वाडीवरच गेले. घरोघरची पोरं ओसरीवर आली, आया टोचून घेऊन शेतावर गेल्या. कुणाचाही रोज बुडला नाही.

एक गोष्ट अजून सलते. गोवराची एक बाटली बऱ्याच पोरांना पुरते, पण फोडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्या पोराला मी एकदा 'पुढच्या वेळी या' म्हणाले. ती आई तीन मैल चालून आली होती. एका मुलासाठीही बाटली फोडायचीच असते. तुला कोणी असं म्हणालं तर हे सांग.

आशाताईकडं जा, लेकीचं नाव राहिलेल्यांच्या यादीत घालायला सांग. वाडीत अशी आणखी दोन-तीन पोरं असतीलच. त्यांच्या आयांना बरोबर घे आणि लसीकरण वाडीतच, कामाला जायच्या आधी ठेवा म्हणून एकत्र सांगा. बोलणं कन्नडात जमत नसेल तर आशाताईच मध्ये बोलतील.