ज्या सकाळी स्वतःवरचा विश्वासच उडालेला असतो

"मी आळशी नाहीये हो. पण काही दिवस उजाडतातच असे की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. घरचे म्हणतात, धीर धर, चांगला विचार कर. तो करायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही."

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या या बाई एका कार्यालयात हिशेबाचं काम पाहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण ही तक्रार मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की कुणाला ती आपलीच वाटली तर नवल नाही.

निमित्त तसं लहान होतं. एका अहवालात त्यांचा आकडा चुकला, वरिष्ठांनी तो बैठकीत सगळ्यांदेखत दाखवला, दुरुस्ती झाली, विषय मिटला. बाकीच्यांसाठी मिटला. यांच्या मात्र त्यानंतर अधूनमधून अशा सकाळी जाऊ लागल्या: लॅपटॉप उघडायचा, यादीत वरिष्ठांच्या मेलपर्यंत बाण न्यायचा आणि झाकण लावून टाकायचं. मग कपाट आवरायचं, पुन्हा लॅपटॉप, पुन्हा झाकण. दुपार व्हायची, मेल तशीच न वाचलेली, आणि वर 'एवढंसुद्धा जमत नाही तुला' हा टोमणा स्वतःच स्वतःला.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, कामातला रस यांबद्दल विचारलं, आणि जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट शब्दांत विचारलं. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात घातला जातो, ही भीती निराधार आहे; उलट माणूस मोकळा होतो. उदासी किंवा कशातच रस नसणं जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ आणि दोन आठवडे किंवा अधिक टिकलं, त्याबरोबर झोप-भूक बिघडली, तर तो नुसता 'वाईट दिवस' नसतो, तिथे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. यांचं तसं नव्हतं. वाईट दिवसांच्या मध्ये बरे दिवस होते, त्या दिवशी त्या हसत होत्या, कामही नीट होत होतं. थायरॉइडच्या बिघाडानेही मन असं खचू शकतं, म्हणून ती तपासणी तेवढी करून घ्यायला सांगितली.

आता त्यांचे उपाय. आरशावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: 'मी समर्थ आहे', 'मी काहीही करू शकते'. रोज मोठ्याने वाचायच्या. "बऱ्या दिवशी छान वाटतं. पण नको त्या दिवशी वाचलं की आतून आवाज येतो, खोटं बोलतेस."

मला आश्चर्य वाटलं नाही. मानसशास्त्रज्ञ जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य घोकलं, तर न घोकणाऱ्यांपेक्षा त्यांनाच अधिक वाईट वाटलं. ज्याचं बरं चाललंय त्याला थोडा फायदा, ज्याला गरज त्याच्याच वाट्याला तोटा! प्रेरणादायी सुविचारांचा एवढा सुळसुळाट असताना ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, याचा मला रागच येतो. चिठ्ठ्या काढून टाकायला सांगितलं.

मग आत्मविश्वास येतो कुठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये त्याचे चार स्रोत मांडले: स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सगळ्यात पक्का पहिला. 'विश्वास आला की मेल उघडेन' म्हणणारा माणूस म्हणूनच अडकून पडतो. विश्वास येतो तो उघडल्यानंतर.

तेव्हा आम्ही मेलपासून सुरुवात केली. उत्तर द्यायचं नाही, फक्त उघडून वाचायची. त्याआधी वहीत लिहायचं: किती अवघड जाईल, शंभरपैकी? वाचून झाल्यावर लिहायचं: किती गेलं? पहिली नोंद आधी 90, नंतर 35. मेलमध्ये बैठकीची वेळ बदलल्याचं कळवलं होतं, बस. एकदा उलटंही झालं. आधी 60, नंतर 70, कारण मेलमध्ये खरोखरच बोलणी होती. ती नोंदही तशीच राहू दिली. सोयीच्या नोंदी ठेवल्या असत्या तर वहीचा उपयोग आरशावरच्या चिठ्ठ्यांइतकाच झाला असता.

एका वाईट दिवशी त्या आल्या तेव्हा मी विचारलं, गेल्या वर्षभरात तुमच्या हातून नीट झालेलं एखादं काम सांगा. बराच वेळ गप्प. मग, "नाही आठवत." पुढच्या भेटीत मन ठीक होतं, तेव्हा तोच प्रश्न, एका दमात पाच कामं सांगितली. मनःस्थिती जशी, तशाच आठवणी सहज वर येतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन बॉवर यांनी 1981 मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी माझ्या खात्याची नावे बाजूच तेवढी उघडी असते, जमा बाजू मिटलेली." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

म्हणून जमा बाजू बऱ्या दिवशी लिहून ठेवायची ठरली. अट एकच, विशेषण नको. 'मी हुशार आहे' चालणार नाही. 'लेखापरीक्षणात न जुळणारा फरक मी शोधून काढला' चालेल. विशेषणाशी वाईट दिवशी वाद घालता येतो, घडलेल्या गोष्टीशी घालणं अवघड जातं.

यजमानांनाही एकदा बोलावलं. माणूस प्रेमळ, पण "अगं, तुला काय अवघड आहे! एवढी हुशार तू" हे त्यांचं ठरलेलं औषध. ते ऐकलं की बाईंना वाटायचं, यांनाही कळत नाहीये. मी सुचवलं की त्या दिवशी कौतुक राहू द्या, फक्त विचारा, 'आत्ता नेमकं कुठे अडलंय?' आणि मेल उघडेपर्यंत शेजारी बसा.

"आणि बोलायचं काय?"

"काही नाही."

त्यांना ते फारच जड गेलं, असं नंतर कळलं.

आणखी एक गोष्ट आम्ही ठरवली होती. राजीनाम्याचा मसुदा त्यांच्या लॅपटॉपमध्ये तयार होता, अशाच एका सकाळी लिहिलेला. वाईट दिवशी तो उघडायचा नाही, की नोकरीचा कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. उघडायचा तर लागोपाठ काही दिवस बरे गेल्यावर.

तसा तो त्यांनी उघडला. 'या कामासाठी मी अपात्र आहे' ही ओळ वाचून त्या म्हणे चक्क हसल्या. मसुदा पुसला आणि दुसऱ्या विभागात बदलीसाठी अर्ज केला. कारण सरळ होतं: अहवालांपेक्षा लेखापरीक्षणाचं काम त्यांना जास्त आवडतं. वाईट सकाळी अजूनही येतात. त्या दिवशी कपाट आवरलं जातं, पण मेल वाचून झाल्यावर.