डर्मॅटोमायोसायटिस झाल्यावर डॉक्टर कॅन्सरच्या तपासण्या का सांगतात?

साताऱ्यात तुमच्या आईंना वयाच्या ५४व्या वर्षी डर्मॅटोमायोसायटिसचं, म्हणजे त्वचा आणि स्नायूंना सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान झालं आणि डॉक्टरांनी लगेच छाती-पोटाचा सीटी स्कॅन, मॅमोग्राफी सांगितली. दुखणं स्नायूंचं, मग हा खर्च उगाच तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

उगाच नाही. करून घ्या, लांबणीवर टाकू नका. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरानं हे काढलंय.

माझी काकू तासगावची, द्राक्षबागेत राबणारी. विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली दिवसभर हात वर धरून घड विरळावे लागतात. त्या हंगामात तिचा कात्रीचा हात वर राहीना, आपसूक खाली यायचा. बोटांच्या सांध्यांवर लालसर-जांभळे चट्टे उठलेले, पापण्या जांभळट, सुजलेल्या. सगळे म्हणाले, फवारणीच्या औषधाची ॲलर्जी असेल. मलमं लावण्यात महिने गेले. पुढे जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागायला लागला, तेव्हा मिरजेला नेलं. रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, भरमसाट वाढलेलं निघालं.

तिथल्या डॉक्टरांनीही तुमच्यासारख्याच तपासण्या लिहून दिल्या. डर्मॅटोमायोसायटिस आणि कॅन्सर यांचा संबंध १९१६ पासून नोंदलेला आहे. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या नोंदी एकत्र करून २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डर्मॅटोमायोसायटिसच्या ६१८ रुग्णांपैकी १९८ जणांना आजाराच्या आधी किंवा नंतर कॅन्सर झालेला होता. धोका इतरांच्या सुमारे तिप्पट. पॉलिमायोसायटिसमध्ये, म्हणजे त्वचेवर चट्टे नसलेल्या तशाच स्नायूंच्या आजारात, तो जेमतेम १.३ पट. आणि बाकीच्या ४२० जणांना कॅन्सर नव्हता, हे आईंना आधी सांगा.

असं का होतं? शरीरात कुठे कॅन्सरची गाठ असेल तर प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते. गाठीतली काही प्रथिनं दुरुस्त होत असलेल्या स्नायूंतही सापडतात, त्यामुळे तो मारा स्नायूंवरही होतो, असं मानलं जातं. म्हणून कधी कधी गाठीच्या आधी स्नायूच बोलतात.

धोका सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात, आणि साधारण तीन वर्षं तरी टिकतो. त्यामुळे एक रिपोर्ट चांगला आला म्हणून फाईल बंद करायची नाही. काकूची पहिली फेरी स्वच्छ होती. दुसऱ्या फेरीत अंडाशयात गाठ दिसली. लवकर सापडली, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर चट्टेही ओसरले, हातात जोरही आला. अंडाशय, स्तन, फुप्फुस, आतडी, जठर, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) हे यात जास्त दिसणारे कॅन्सर, म्हणून सोनोग्राफीबद्दल विचारा, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या पॅप स्मिअर तपासणीबद्दलही.

डॉक्टरांकडे मायोसायटिस अँटिबॉडी पॅनेल या रक्ततपासणीचा विषय नक्की काढा. त्यात टीआयएफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर शोध जास्त कसून घेतात. जो-१ असेल तर कॅन्सरची धास्ती कमी, पण फुप्फुसांकडे लक्ष ठेवावं लागतं. लहान मुलांच्या डर्मॅटोमायोसायटिसचा कॅन्सरशी असा संबंध दिसत नाही.

या आजारावर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या आईंना मनानं बंद करू देऊ नका. त्या एकदम सोडणं धोक्याचं असतं. आणि जेवताना ठसका लागतो का, घास अडकतो का, हे आईंना आजच विचारा. तसं होत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.