गच्चीवरचं सोलर : पाणी, माती आणि मांजा

(बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं)

तीन किलोवॅटची सिस्टीम आहे, ५४० वॅटची सहा पॅनेल. दर रविवारी बोअरच्या पाण्याचा पाइप मारतो, तरी काचेवर पांढरे ठिपके धरलेत. आता पुसूनही जात नाहीत. काय करावं?
— वाचक, मांजलपूर

दर रविवारी पाइप मारता म्हणूनच ठिपके धरलेत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतात आणि पुढच्या रविवारी त्यावर आणखी एक थर चढतो. गीझरच्या कॉइलवर धरतो तोच हा थर. धूळ एका चांगल्या पावसात निघून जाते, हा थर मात्र अख्खा पावसाळा गेला तरी हलत नाही.

आधी पाणी मोजा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर स्वस्त मिळतं. आकडा २०० च्या आत असेल तर निर्धास्त धुवा. ५०० च्या वर असेल तर ते पाणी काचेवर वाळू देऊ नका, लगेच रबरी वायपरने ओढून काढा. कॉर्पोरेशनचं आजवा तलावाचं किंवा मही नदीचं पाणी सहसा बोअरपेक्षा बरं असतं, पण वरच्या टाकीत दोन्ही एकत्र होत असेल तर टाकीतलंच पाणी मोजा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ते मुळीच वापरू नका, कारण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. एसीच्या ड्रेन पाइपमधून टपकणारं पाणी मात्र जवळजवळ बिनक्षाराचं असतं. फडक्यातून गाळून घ्या आणि शेवटच्या हातासाठी ठेवा.

एका पॅनेलला दीड ते दोन लिटर पाणी पुरतं, म्हणजे तुमच्या सहा पॅनेलना एक बादली. पाइपने धो-धो पाणी सोडायची गरज नाही. उन्हं यायच्या आधी धुवा. दवाने धूळ मऊ झालेली असते. दुपारी काच साठ अंशांच्या पुढे तापलेली असते. गार पाण्याने तिला ताण बसतो आणि पुसायच्या आतच पाणी वाळून ठिपके पडतात. लांब दांड्याचा मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबरचा मॉप घ्या, वरून खाली या, मग वायपर मारा. साबणाचा थर काचेवर राहिला की त्यावर धूळ आणखी चिकटते, म्हणून साबण टाळा. प्रेशर वॉशर नको. पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नका. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात आणि पुढे तिथेच पॅनेल तापतं. धुणारा माणूस बाहेरून बोलवत असाल तर त्याच्यावर नजर ठेवायची ती याचसाठी.

धरलेल्या ठिपक्यांसाठी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि आठ भाग पाणी घ्या. त्यात भिजवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं काचेवर पसरून ठेवा, हलक्या हाताने पुसा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. पहिल्यांदा एका कोपऱ्यात करून बघा. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड पॅनेलच्या आसपासही नेऊ नका, त्याने ॲल्युमिनियमची फ्रेम खाल्ली जाते.

पॅनेल कमी उताराची आहेत. खालच्या कडेला दोन बोटं रुंद मातीची पट्टी कायम राहते. एवढ्याने फरक पडतो का?
— वाचक, वाघोडिया रोड

पडतो, आणि पट्टीच्या आकाराच्या मानाने बराच जास्त. पॅनेलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात. ओळीतला एक सेल झाकला गेला की त्या ओळीचा सगळा करंट त्याच्याच मापाने चालतो. उतार पाच-दहा अंशांचाच असला की पाणी खालच्या फ्रेमच्या कडेला अडतं, वाळतं आणि माती तिथेच सोडतं. पावसाळ्यात बाकीची काच लख्ख असते, ही पट्टी तेवढी राहते. म्हणून ‘पाऊस धुतो की’ हे म्हणणं अर्धंच खरं.

फ्रेमच्या कडेला लावायच्या प्लास्टिकच्या ड्रेन क्लिपा मिळतात, त्यावरून अडलेलं पाणी खाली ओघळतं. फ्रेमची जाडी आधी पट्टीने मोजा. ती ३०, ३५ किंवा ४० मिलिमीटर असते आणि क्लिप त्याच मापाची लागते. खालच्या कडेला दोन-तीन क्लिपा पुरतात. ड्रिलने भोक पाडायचं नाही, वॉरंटी जाते.

शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ दव पडायच्या आधी, म्हणजे आदल्या संध्याकाळीच, कोरड्या मऊ ब्रशने झाडून टाका. थोडंसं पाणी शिंपडलं तर ती काचेवर घट्ट बसते. एरवी ऑक्टोबर ते मे पंधरा दिवसांतून एकदा धुतलं की झालं. आपल्याकडे धुण्याची गरज किती हे बघायचं असेल तर लागोपाठच्या दोन निरभ्र दिवसांत, धुण्याआधी आणि धुतल्यावर, दुपारी साडेबारालाच इन्व्हर्टरवरचे वॅट लिहून घ्या. फरक दोन-तीन टक्क्यांचाच असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त धुताय.

धुऊन पुसून चकचकीत ठेवूनही मे महिन्यात दुपारचे वॅट मार्चपेक्षा कमी का?
— वाचक, गोत्री

ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे. मेच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत जातो. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के होतात, म्हणजे ५४० चे ४६५ च्या आसपास. हा बिघाड नाही. पॅनेलखाली मोडकं फर्निचर आणि ताडपत्र्या कोंबल्या असतील तर मात्र काढा, मागून हवा खेळली पाहिजे. गार करायला म्हणून दुपारी पाणी मारू नका. मिळणारे वॅट थोडे आणि क्षार फार.

उत्तरायणानंतर अगाशीवर मांजाची जाळी होते. पॅनेलच्या मागेही अडकतो. ओढून काढला तर चालेल?
— वाचक, दांडिया बाजार

ओढू नका. मांजा काचेला काही करत नाही, पण मागच्या केबलीत आणि कनेक्टरमध्ये गुंतलेला असतो. झटका बसला की कनेक्टर अर्धवट निघतो, आणि अर्धवट निघालेल्या कनेक्टरमध्ये ठिणगी पडते. सहा पॅनेल ओळीत जोडलेली असली की भर उन्हात २५०–३०० व्होल्ट डीसी असतात. खालची एमसीबी पाडली तरी पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची (डीसी लाइन तोडायच्या स्विचपर्यंतची) वायर जिवंतच राहते. संध्याकाळी उजेड गेल्यावर, रबरी चप्पल घालून, कात्रीने तुकडे करत काढा. कनेक्टर स्वतः उघडू नका.

वाशी उत्तरायण (उत्तरायणाचा दुसरा दिवस) झाली की लगेच एक फेरी मारा. काचेवर पडून राहिलेला एखादा पतंग तेवढ्याच सेलपुरता नडत नाही, बायपास डायोड (झाकलेली सेलची ओळ वगळून करंट पुढे नेणारा भाग) सुरू होऊन पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो.

ॲप म्हणतं दोन महिन्यांत ७२० युनिट झाले, बिलात मात्र ५०० च दिसतात. मीटर चुकतंय?
— वाचक, कारेलीबाग

नाही. बिलात सोलरची फक्त बाहेर, म्हणजे ग्रिडला गेलेली वीज दिसते. उरलेले २२० युनिट दिवसा फ्रिज, पंखे, मोटर यांनी घरातच वापरले, ते मीटरपर्यंत पोचलेच नाहीत. तीन किलोवॅटला सरासरी रोजचे बारा युनिट धरले तर साठ दिवसांचे ७२० बरोबर आहेत.

पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि ‘इन्सुलेशन फॉल्ट’. दुपारपर्यंत आपोआप जातो. दुर्लक्ष करावं का?
— वाचक, फतेगंज

करू नका. हा फॉल्ट म्हणजे वायरीतून कुठेतरी करंट गळतोय. आपोआप जातो याचा अर्थ कुठेतरी ओल शिरते आणि उन्हाने वाळते. सहसा जागा दोन. एक, छतावर लोळणारा कनेक्टर. पांढरे नायलॉनचे टाय उन्हाने वर्ष-दोन वर्षांत तुटतात आणि केबल खाली पडून डबक्यात भिजते. काळे, ऊन सोसणारे किंवा स्टीलचे टाय वापरा. दोन, खारीने किंवा उंदराने कुरतडलेली केबल. पॅनेलखाली पिसं आणि काटक्या दिसल्या तर आधी तिथेच शोधा. कुरतडलेल्या केबलीला टेप गुंडाळून भागत नाही, तो तुकडा बदलावा लागतो. टेस्टिंग इन्स्टॉलरकडून करून घ्या, आणि त्याला फॉल्ट असतानाच, म्हणजे ओल्या सकाळीच बोलवा. दुपारी चार वाजता आला तर मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) सगळं ठीक दाखवून निघून जाईल.