तो राजीनामा लिहून देऊ नका, सर

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी 9 वर्षे इतिहास शिकवत होतो, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) आहे, पीएच.डी. आहे. दरवर्षी जुलैत ऑर्डर मिळायची, उन्हाळ्यात संपायची, पुन्हा जुलैत नवी. यंदा 7 जुलैला प्राचार्यांचा फोन आला, "सर, या वर्षी तुमचं जमणार नाही." लेखी काही नाही. माझे पेपर आता दुसरे एक जण घेतात, तेही सीएचबीवरच. ते संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांच्या नात्यातले आहेत. मुलाखती कधी झाल्या ते मला कळलंही नाही. मागच्या सत्राचं 3 महिन्यांचं मानधन बाकी आहे. अनुभवाचा दाखला मागितला तर ऑफिसात म्हणाले, आधी राजीनामा लिहून द्या. दोन वर्षांपूर्वी 'कायम नोकरीचा हक्क सांगणार नाही' असं स्टँपपेपरवर लिहूनही दिलं आहे. लेबर कोर्टात जाऊ का, की सोडून देऊ? घरी अजून सांगितलेलं नाही. सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडतो.

उत्तर :

नमस्कार सर,

राजीनामा लिहून देऊ नका. दाखल्यासाठी नाही, मानधनासाठी नाही, 'संबंध चांगले राहावेत' म्हणूनही नाही. आज तुमची बाजू अशी आहे की, तुम्ही शिकवायला तयार होता आणि त्यांनी बंद केलं. राजीनाम्याच्या दोन ओळी लिहिल्या की ती उलटते. मग कुठल्याही कोर्टात पहिल्याच तारखेला समोरचे वकील तो कागद पुढे करतील आणि तुमची 9 वर्षं बाजूला पडतील.

आता तारखांकडे या. फोन 7 जुलैचा, तुमचं पत्र 19 जुलैचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 च्या कलम 81 खाली खाजगी संस्थेच्या महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याला सेवा संपवल्याविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत आहे आदेश मिळाल्यापासून 30 दिवस. तुम्हाला आदेशच मिळालेला नाही, तेव्हा मुदत सुरूच झाली नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण त्या भरवशावर राहू नका. 7 जुलै हाच पहिला दिवस धरून 6 ऑगस्टच्या आत अपील दाखल करा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण तो माफ करून घेण्यातच वर्ष जातं, हे मी वकिलीत पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

त्याआधी, याच आठवड्यात, प्राचार्य आणि संस्थेच्या सचिवांना एक पत्र द्या. स्वतः देऊन आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना आणि उच्च शिक्षण सहसंचालकांना. पत्रात 9 वर्षांची कहाणी नको, एवढंच पुरे : "दि. 7 जुलै रोजी प्राचार्यांनी दूरध्वनीवरून मला या वर्षी तासिका देणार नसल्याचे सांगितले. याबाबतचा लेखी आदेश मला मिळालेला नाही, तो द्यावा. मी अध्यापनास तयार होतो व आहे. माझे थकीत मानधन व अनुभवाचा दाखला देण्यात यावा." यातला 'तयार होतो व आहे' हा तुकडा गाळू नका. पुढे मागच्या पगाराचा, म्हणजे काम बंद केल्यापासूनच्या पगाराचा, विषय निघाला की त्याच चार शब्दांवर बोलणं होतं.

लेबर कोर्टाचा नाद सोडा. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं आहे. तिथे गेलात तर अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच अर्ज फेटाळला जाईल आणि तोवर खरी मुदत संपलेली असेल.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला कायम करून मिळेल का? खोटी आशा दाखवत नाही, अवघड आहे. 2006 च्या उमादेवी निकालात घटनापीठाने ठरवलं की रीतसर निवडप्रक्रियेबाहेरून आलेल्या हंगामी माणसाला केवळ वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. अलीकडे, डिसेंबर 2024 मध्ये 'जग्गो' प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना सुनावलं की कायमस्वरूपी काम वर्षानुवर्षं हंगामी माणसांकडून करून घ्यायचं आणि वर उमादेवीची ढाल करायची, हे चालणार नाही. वारं थोडं फिरलं आहे, हे खरं. पण ती माणसं वर्षानुवर्षं खंड न पडता काम करणारी होती आणि तुम्ही दरवर्षी नव्या ऑर्डरीने तासिकेवर होता. संस्था नेमकं यावर बोट ठेवेल.

तुमचा जोर आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. हंगामी शिक्षकाला काढून त्याच कामावर दुसरा हंगामी शिक्षक आणता येत नाही. त्याची जागा घ्यायची तर नियमित निवड झालेल्या माणसाने. हे जुनं तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये मनीष गुप्ता विरुद्ध जनभागीदारी समिती या मध्य प्रदेशातल्या प्रकरणात पुन्हा सांगितलं, आणि ते अर्जदार तुमच्यासारखे कॉलेजातले अतिथी शिक्षकच होते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच, 'तेही सीएचबीवरच'. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मी असते तर त्याच वाक्याने सुरुवात केली असती. नातेवाईक असणं हा दुसरा मुद्दा. चीड त्याचीच येते, पण नातं सिद्ध करण्यात शक्ती घालवू नका. जाहिरात कुठल्या पेपरात आली, मुलाखतीला कुणाला बोलावलं, निवड समितीत कोण होतं, हे विचारा.

हे मुद्दे कुठे लंगडे पडतील तेही ऐका. कॉलेज म्हणेल, आम्ही काढलं नाही, मुदत संपली. ऑर्डरीत छापलेलंच असतं, 'सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरती असून कोणतीही पूर्वसूचना न देता संपुष्टात येईल.' न्यायाधिकरणात मुख्य झटापट यावरच होईल. किंवा म्हणतील, नव्या शैक्षणिक धोरणानंतर इतिहासाचा वर्कलोड, म्हणजे शिकवायच्या तासांचा भार, घटला. खरोखर घटला असेल तर तुमची बाजू बरीच पातळ होते. पण तुमचेच पेपर दुसरं कुणी घेत असेल तर ते बोलणं टिकत नाही. म्हणून सहसंचालक कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये. या वर्षाचा इतिहासाचा वर्कलोड, सीएचबीचे मंजूर तास आणि ते कुणाच्या नावे मंजूर झाले, एवढंच मागा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात. त्यासाठी अपील थांबवू नका, कागद मागाहून जोडता येतात.

न्यायाधिकरणात नियुक्तीची मुदत संपल्याचा मुद्दा अडेल असं तुमच्या वकिलांना वाटलं, तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा दुसरा रस्ता आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. पूर्वी प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागायची.

स्टँपपेपरची फार धास्ती घेऊ नका. हा कागद बहुतेक सीएचबीवाल्यांकडून घेतला जातो; मजकूर संस्थेचा आणि स्टँपचे पैसे शिक्षकाचे! 1986 मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ज्याला सही करण्यावाचून पर्यायच नव्हता, त्याच्यावर लादलेली अन्याय्य अट बंधनकारक नसते. शिवाय तुमचा कागद कायमपणाबद्दल आहे. 'माझ्या जागी दुसरा सीएचबी आणा', असं तुम्ही कुठे लिहून दिलंय?

मानधनाचं वेगळं. ते झालेल्या कामाचं आहे, त्याचा राजीनाम्याशी काही संबंध नाही आणि तुमची इतर केस जिंकली-हरली तरी ते मिळायला हवं. कुठल्या तारखेला कुठला वर्ग, किती तास, याचा तक्ता आजच बनवा. हजेरीपट कॉलेजात राहिले असतील, पण विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलेले तुमचे मेसेज, टाइमटेबलचे फोटो, परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या ऑर्डरी, हे सगळं चालतं. एका सरांच्या बाबतीत जुन्या डायरीतल्या पानापानावर असलेल्या 'तास झाला'च्या नोंदी कामी आल्या होत्या.

आणि घरी सांगा, सर. वकील म्हणून सांगते आहे. अपिलाला पैसे लागतील, धावपळ होईल, कधी कधी निकालाला वर्षं लागतात. हे लपवून करता येत नाही. वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सीएचबीच्या मानधनावर तुम्ही त्यात बसाल, असं वाटतं. प्राध्यापक असून फुकट वकील कसा मागू, हा संकोच बाजूला ठेवा.

दुसरं काम मिळालं तर खुशाल करा. रिकामं बसलं तरच केस टिकते, ही समजूत चुकीची आहे. दुसरीकडे कमावलं तर मागच्या पगारातून तेवढं कमी होईल, इतकंच. प्रतिज्ञापत्रात मात्र ते खरं लिहा. 'मला कुठलंही उत्पन्न नाही' असं लिहिलं आणि क्लासच्या बोर्डावर तुमचं नाव निघालं, तर सगळंच जाईल.

एक राहिलं. 7 जुलैच्या त्या फोनचा पुरावा सध्या फक्त तुमच्या मोबाइलच्या कॉल लॉगमध्ये आहे, आणि जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. हे वाचून झालं की आधी त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा.